शेपूट उभे की आडवे

वसई रोड स्थानकातून निघून, गिरीजची हिरा डोंगरी मागे टाकून, केळीच्या बागांमधल्या वळणदार रस्त्याने भुईगावचा समुद्र गाठला तेव्हा ओहोटी लागली होती. आणि 2021 च्या सप्टेंबरात जेथे एक मृत देवमासा वाहून आला होता, तेथे निदान एखादा मणका तरी वाळूत दिसेल, अशी जी बालिश आशा धरून मी आलो होतो, ती सुरूच्या झाडांखाली शंभर पावले चालताच मावळली.

दुपारी पाचूबंदरात जाळे शिवीत बसलेल्या एका वृद्ध तांडेलापाशी मी देवमाशाची गोष्ट काढली. हात न थांबवता त्यांनी उलट विचारले, "सर, शेपूट उभं होतं का आडवं?"

माझ्या सर्व ग्रंथपांडित्याचे सार त्या एका प्रश्नात होते. आडवे शेपूट वर-खाली हलवणारा तो देवमासा: नावात मासा असूनही सस्तन, उष्णरक्ताचा, पिलाला दूध पाजणारा आणि श्वासासाठी पृष्ठभागावर येणे ज्याला अपरिहार्य असा. उभे शेपूट डावी-उजवीकडे झुलवणारा व्हेल शार्क मात्र, नावात व्हेल असूनही, कल्ल्यांनी श्वास घेणारा अस्सल मासा, मुशीचाच अवाढव्य भाऊबंद; अठरा मीटरांपर्यंत वाढणाऱ्या या प्राण्याच्या जबड्यात हजारो दात असतात आणि खाण्याच्या कामी ते जवळजवळ निरुपयोगी, कारण हा गाळून खातो तो सूक्ष्म प्लवकांचा आहार. नामकरणात मराठी आणि इंग्रजी दोघींनीही सारखाच घोटाळा केला, याचे मला थोडे समाधानच वाटले. सांगाडाही भिन्न: एकाचा हाडांचा, दुसऱ्याचा निव्वळ कूर्चेचा, म्हणजे व्हेल शार्क किनाऱ्याला लागला असता, तर मणक्याचा माझा शोध मुळातच व्यर्थ ठरला असता.

कायद्याने ही तफावत मानलेली नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत देवमासे आहेत, आणि 2001 पासून व्हेल शार्कही. शिवाय अशा संरक्षित जीवाच्या सुटकेसाठी जाळे कापावे लागले, तर छायाचित्रांच्या पुराव्यावर पंचवीस हजारांपर्यंत भरपाई देण्याची तजवीज राज्य सरकारने 2018 मध्ये केली.

मी जाळ्याकडे पाहिले. दोन माणसे सहज निघून जातील एवढे भगदाड त्यात होते.

"हे कोणाचं?"

"उभ्या शेपटीचं," तांडेल म्हणाले. "पोरानं आधी फोटो काढला, मग सुरी लावली."