उशीर झालाच नव्हता

आमच्या दारव्ह्याच्या घरीं आत्याबाईंचा समोरून घेतलेला एकहि फोटो नाहीं. त्यांचा उजवा डोळा लहानपणापासून नाकाकडे वळलेला. ‘तिरळा डोळा भाग्याचा’ म्हणून वडीलधाऱ्यांनीं समाधान मानलें. ‘आतां वय झालें’ म्हणून पुढें आम्हीं मानलें. समोरच्याचा गोंधळ होऊं नये यासाठीं आत्याबाई मात्र खालीं मान घालूनच बोलत.

पन्नाशी उलटल्यावर आम्हीं त्यांना यवतमाळास नेत्रवैद्यांकडे नेलें, तेव्हां आमचें अज्ञान उघडें पडलें. प्रत्येक डोळा सहा स्नायू फिरवितात. जास्त ओढणारा स्नायू किंचित् मागें सरकवून शिवावयाचा, किंवा दुबळा आंखूड करावयाचा, एवढीच ही शस्त्रक्रिया. डोळा बाहेर काढावा लागत नाहीं, हें ऐकून आत्याबाईंची भीति गेली. बर्लिनमध्यें डीफेनबाख यांनीं ती १८३९ सालींच यशस्वी केली होती! तिला वयाची आडकाठी नाहीं. बालपणीं मंदावलेली नजर मात्र तिनें परत येत नाहीं. त्यासाठीं मूल लहान असतांनाच उपचार हवा. आणि मोठेपणीं एकाएकीं एकाचे दोन दिसूं लागल्यास तो मधुमेहाचा किंवा मेंदूच्या विकाराचा इशारा असूं शकतो. तेव्हां एक दिवसहि दवडूं नये.

शस्त्रक्रियेनंतर महिन्यानें दारीं आलेली भाजीवाली म्हणाली, “आज तं बाई माह्याकडंच पाहून राहिल्या!” आत्याबाई हंसल्या. आम्हांस मात्र उगाच गेलेलीं तीं सारीं वर्षें आठवलीं.