यंदा गायला कोण?

दरवर्षी 25 नोव्हेंबरला, यशवंतराव चव्हाणांच्या पुण्यतिथीच्या निमित्ताने, अंबाजोगाईत स्मृती समारोह भरतो. कविसंमेलन, शेतकरी परिषद, शास्त्रीय संगीत अशी ती पर्वणी असते. त्या सुमारास माझ्याकडे तपासणीस येणारे वृद्ध गुडघ्यांच्या दुखण्याआधी ‘यंदा गायला कोण?’ हेच विचारतात. तरीही ‘थंडी बाधेल’ म्हणून आपण त्यांना घरी ठेवतो. वाचकहो, थंडीला शाल आणि कानटोपी पुरते. एकटेपणावर गोळी नाही. जेवण, औषधे वेळेवर उरकून त्यांना सोबत न्या. ध्वनिक्षेपकापासून दूर, वाटेलगतची खुर्ची धरा. प्रसाधनगृह आधी पाहून ठेवा. थकवा दिसला, तर मैफल अर्धी सोडून परता. अर्धी ऐकलेली मैफलही त्यांना पुढे कित्येक दिवस बोलते ठेवते.