अधांतरी, पण निराधार नव्हे

सोलापुरास आमच्या अंगणात कल्हईवाला येई, तेव्हा पाण्यात पडलेला कथलाचा थेंब चुर्र करून वेडावाकडा गोठे. परवा त्याची आठवण धातुशास्त्र शिकणाऱ्या पुतण्याने करून दिली.

तो म्हणाला, "काका, मुशीच्या स्पर्शाने रसात स्फटिक लवकर धरतात. म्हणून तारेच्या वेटोळ्यात शीघ्र उलटसुलट वाहणारी वीज सोडून धातूचा गोळा अधांतरी वितळवितात. १४५५ अंशांस गोठणारे निकेल मग दोनशेंहून अधिक अंश निवूनही द्रव राहू शकते. १९६० साली कॅलिफोर्नियात ड्यूवेझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी सोने व सिलिकॉन यांचा रस इतक्या झपाट्याने थिजविला की, अणूंना रांग धरण्यास अवधीच मिळाला नाही. धातूची काच झाली!"

पुढील शिक्षणासाठी तो घर सोडणार, म्हणून वहिनींचा जीव आधीच खालीवर होत होता. "घराच्या मुशीबाहेर पोराचे कसे व्हायचे?" त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, "वहिनी, तो गोळा निराधार नसतो. वेटोळ्यातील वीज थांबली की खाली पडतो. आपला आधार असावा, स्पर्श नसला तरी चालेल."

वहिनी काही बोलल्या नाहीत. उठून त्याच्यासाठी लाडवांचा डबा भरू लागल्या.