सोलापूर पायी बघितलं

ज्वारीची दुसरी कोळपणी उरकली, सोयाबीनचं आवरलं, म्हणून मधले दोन दिवस शेतात गेलो नाही. त्यामुळं ही नोंद सोलापूर शहराची आहे. कांद्याच्या रोपाचं काय झालं ते ज्यांनी विचारलंय त्यांना पुढच्या नोंदीत सांगतो.

आमच्या वैराग भागातल्या माणसाचं सोलापूर म्हणजे तीन ठिकाणं. कांदा घेऊन मार्केट यार्ड, पेशंट घेऊन सिव्हिल, नाहीतर तारखेला कोर्ट. रात्री यार्डात गाडी लावायची, गोणीवर डोकं टेकायचं, सकाळी लिलाव, पट्टी हातात आली की मिळेल त्या एसटीनं माघारी. मी तीस वर्षं असाच येतोय-जातोय. किल्ला एसटीच्या खिडकीतनं बघितलेला, तेवढाच.

या वेळी शनिवारी सकाळी मी आणि आमची मंडळी निघालो ते मुक्कामाला. माझा चुलतभाऊ पूर्व भागात राहतो, यंत्रमागावर काम करतो. त्या भागात सगळी वस्ती पद्मशाली विणकरांची, तेलंगणातनं आलेली. ज्या सोलापुरी चादरीचं नाव जगभर आहे, ती या गल्ल्यांतली. सकाळी सहालाच खटखट सुरू होते ती थांबत नाही. भावाची पोरं घरात मराठी बोलतात, गल्लीत तेलुगू, आणि शेजारच्या म्हातारीशी कन्नड. मला कौतुक वाटलं. आपल्याला एक धड बोलता येत नाही.

जाण्याचं खरं कारण पण सांगून टाकतो. आमची सात एकर माझे वडील आणि तात्या (धाकटे चुलते) या दोघांच्या नावावर. कसतो मी. तात्या वारले त्याला आता बराच काळ झाला, वारस नोंद राहिलेली. गावातले जाणते सांगायला लागले की भावाला जाऊन भेट, हक्कसोडपत्रावर सही घे, तो कुठं आता नांगर धरायला येतोय. एकानं तर कागद टाईप करून आणून दिला. तो घरीच कपाटात ठेवला आणि गेलो.

भाऊ म्हणला, रिक्षा नको आण्णा, चालत दाखवतो. आधी सिद्धेश्वराचं मंदिर. तळ्याच्या मधोमध देऊळ, चारी बाजूला पाणी. सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले, बसवेश्वरांच्या काळातले, त्यांची वचनं कन्नडात आहेत. त्यांनी या गावाभोवती अडुसष्ट लिंगं स्थापली हे सगळ्यांना माहीत असतं. मला महत्त्वाचं वाटलं ते तळं. आपल्यासारख्या कमी पावसाच्या मुलखात एक साधू देवळाबरोबर लोकांना हाताशी घेऊन तळं खोदतो, याला अक्कल लागते. मी काठावर बसून हिशोब करत होतो. आपल्या शेततळ्याचा कागद उंदरानं कुरतडला की दुसऱ्या वर्षी तळ कोरडा. हे आठशे वर्षांच्या वर टिकलंय, बिनकागदाचं. पाणी आता हिरवट आहे, कडेला कचरा पण आहे, ते लपवून काय करायचं. मंडळीनं मात्र हात जोडून गड्ड्याला परत येणार असं सांगून टाकलं. संक्रांतीला इथं नंदीध्वज निघतात, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात. योगदंडाशी लग्न लागलेल्या कुंभारकन्येची गोष्ट तिला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे.

तळ्याला लागूनच भुईकोट किल्ला. बहामनी काळातला, दुहेरी तट, बाहेरनं खंदक. आत आता बाग आहे, पोरं फोटो काढत होती. या किल्ल्यावरनं अहमदनगरची निजामशाही आणि विजापूरची आदिलशाही पिढ्यान्‌पिढ्या भांडली. निजामशहानं आपली मुलगी चांदबिबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली, तेव्हा हा किल्ला आंदण म्हणून दिला. तरी भांडण मिटलं नाही, पुढं परत सुरू. १८१८ ला इंग्रजांनी घेतला तेव्हा दोघांपैकी कुणीच उरलं नव्हतं. भाऊ हे सांगत होता आणि मी तटाकडं बघत गप्प होतो. आमच्या दोघांच्या मधे पण जमिनीचा विषय होताच की, फक्त कुणी काढत नव्हतं.

तिथनं पार्क चौक, चार हुतात्मा चौक. गांधीजींना अटक झाल्यावर मे १९३० मध्ये हे शहर उठलं, त्यात गिरणी कामगार पण होते, आणि इंग्रजांनी मार्शल लॉ लावला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली. या चौकातनं मी किती वेळा गेलो असेन, पुतळ्यांपुढं उभा पहिल्यांदाच राहिलो. पुढं महापालिकेचं इंद्रभुवन, अप्पासाहेब वारदांनी बांधलेलं. बाहेरनंच बघितलं, पण दगडातलं ते काम बघायला मान दुखेपर्यंत वर बघावं लागतं. भय्या चौकात डॉ. कोटणीसांचं घर. १९३८ ला चीनला जखमी सैनिकांच्या सेवेला गेलेला हा सोलापूरचा पोरगा, १९४२ ला तिथंच गेला. वय पुरतं बत्तीस.

कृषीच्या पोरांसाठी एक सांगतो. कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र सोलापुरात १९३३ पासून आहे. पेरणीतलं अंतर वाढवा, बी कमी टाका, बांध घाला, कोळपण्या जास्त द्या, हे आपण वडिलांकडनं शिकलो असं समजतो. त्यातलं बरंचसं इथल्या शेतात तपासून मग गावोगाव गेलेलं आहे. सुट्टी असल्यानं केंद्रावर गेलो नाही, त्यासाठी वेगळा दिवस काढणार आहे.

रविवारी सकाळी भाऊ गिरणीकडं घेऊन गेला. सोलापूरची जुनी गिरणी १८७७ सालची, मोरारजी गोकुळदासांनी काढलेली. साल नीट बघा. १८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ तेव्हा चालू होता. रान वाळलेला माणूस भोंग्याकडं वळला तो तेव्हापासून. आमच्या घरात तेच झालं, फक्त दुष्काळ ७२ चा. वडील खडी फोडायला राहिले, तात्या सोलापूरला आले आणि एका गिरणीत लागले. ती जुनी गिरणी नव्हे, दुसरी. त्यांच्या मनीऑर्डरीवर आमची विहीर खोदली गेली. सुरुंगाचे, मजुरीचे, नंतर इंजिनाचे पैसे तात्यांचे. नव्वदच्या दशकात ती गिरणी बंद पडली. तात्या मरेपर्यंत सकाळी भोंग्याच्या वेळेला उठून बसायचे, भोंगा नसला तरी.

चिमणी अजून उभी आहे. भिंतीच्या कडेला चहाची टपरी, तिथं बसलो. भावानंच विषय काढला. म्हणला, "आण्णा, गावातनं मला फोन आलता. सही पाहिजे म्हणं. तुम्ही म्हणाल तर करतो. मला काय तिथं नांगरायचं नाही. पण सही केली की मग मी गावचा कुठला? पोरांनी विचारलं गाव कुठलं, तर काय दाखवू?"

मी म्हणलं कागद आणलेलाच नाही. आमची मंडळी मधे बोलत नाही सहसा. ती म्हणली, भाऊजी, विहिरीचं पाणी तुमच्या वडिलांचं आहे, आम्ही नुसतं उपसतोय.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग दुसरा चहा सांगितला आणि तिथंच ठरवलं. वारस नोंद करायची, तात्यांच्या जागी भावाचं आणि बहिणीचं नाव लावायचं. मी कसणार. आतापर्यंत एक पोतं ज्वारी आणि तुरीची डाळ पाठवत होतो, ते चालू राहील. त्याशिवाय त्यांच्या हिश्श्यातल्या पिकाचा खर्च वजा जाता चौथा वाटा, पट्टीची झेरॉक्स सकट. चौथा हा आकडा त्यानं सांगितला. मी तिसरा म्हणत होतो, तो ऐकेना. पोराला हे पटलेलं नाही. तो म्हणतो उद्या जमिनीला भाव आला की भांडण होणार. होईल कदाचित. त्याला मी विहिरीची गोष्ट परत एकदा सांगणार आहे, नुसती फोनवर नाही, विहिरीवर नेऊन.

येताना नवी पेठेतनं शेंगाचटणी आणि कडक भाकरीची चवड घेतली. शेंगाचटणी खलबत्त्यातली बघून घ्या, मिक्सरची तेल सोडत नाही.

मृत्यूचा दाखला भावाकडं होता, प्रतिज्ञापत्र तिथंच करून दिलं. सोमवारी तलाठ्याकडं अर्ज दिला. ई-हक्कवर ऑनलाईन पण होतो, पण मला समोर बसून दिलेला बरा वाटतो. नोटीस निघाली आहे. हरकतीचे पंधरा दिवस संपले की मंडल अधिकारी फेरफार मंजूर करतील. उतारा निघाला की पहिली प्रत एसटीनं सोलापूरला पाठवणार आहे.