प्रिय टॅब, झाड शेवटी दाखव

प्रिय टॅब,

कवितेच्या तासाला तू वर्गात आलास याचा मला आनंद आहे. म्हणूनच तुझ्याकडून काय हवं आणि काय नको, ते उघड सांगते.

बालकवींची ‘औदुंबर’ घे. अवघ्या आठ ओळी. शिकवताना पडद्यावर आधी झाडाचा फोटो झळकला, की कविता तिथंच संपते. कारण या कवितेत झाड येतं अगदी शेवटी. आधी झरा, मग टेकडीकडचं छोटं गाव, पुढे शेतं, त्यांतून डोहाकडे निघालेली पायवाट. नजर अशी दुरून जवळ येत पाण्याशी थांबते, तेव्हा कुठे औदुंबर भेटतो. तुझ्या चित्रांच्या ॲपमध्ये थरावर थर चढवता येतात, ते इथं कामी येऊ देत. एक ओळ वाचायची, तिचाच थर बोटानं रंगवायचा. निळा, हिरवा, पांढरा, काळा. ‘बाई, झाड कधी काढायचं?’ असं एखाद्या मुलीनं विचारलं, की रसग्रहण सुरू झालं! मग पायवाटेचा थर लपवून बघायचा. गाव आणि डोह यांची ताटातूट होते, आणि ती ओळ तिथं का आहे हे मुलांना दिसतं. खडूनं हे जमत नाही. फळ्यावरचं एकदा पुसलं की पुसलं. तयार झाडांची चित्रं मात्र तुझ्यापाशीच ठेव. प्रत्येक मुलाला आपला औदुंबर स्वतः काढू दे.

तुझ्या पडद्याहून मला तुझा माइक मोलाचा वाटतो. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि त्याच्या मावसभावानं ऐकून टिपून ठेवली, म्हणून बहिणाबाईंची गाणी उरली. पुस्तक निघालं १९५२ मध्ये, त्या गेल्यानंतर. अशी कविता नुसती डोळ्यांनी कशी शिकायची? जळगावकडच्या एखाद्या मुलीनं घरच्या बोलीत ती म्हणावी, तू ती साठवावीस आणि रत्नागिरीच्या वर्गानं ऐकावी. छापील शब्दांपाशी अडखळणाऱ्या मुलांना त्यातला ठेका आधी कानांनी कळेल. मग त्यांनी स्वतः म्हणावं, स्वतःचं ऐकावं, आपण श्वास चुकीच्या जागी घेतला हे ओळखून पुन्हा म्हणावं.

एवढ्यावर थांब. वाचन झाल्यावर तारे देऊ नकोस, टाळ्या वाजवू नकोस, गुण मोजू नकोस. कुणाचं वाचन कुठं अडखळलं, ते वर्गात बसलेली मुलं एकमेकांना सांगतील.

तुझी,
मराठीची एक शिक्षिका