बारा तास

दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्रेड्स शर्यतीत बारावा तास भरला की बंदूक वाजते. ती झाडणारा अधिकारी शेवटच्या रेषेवर धावपटूंकडे पाठ करून उभा असतो. कोण दोन पावलांनी राहिलं, हे त्यानं बघायचं नाही. दर्बान आणि पीटरमारित्झबर्ग या दोन शहरांमधलं अंतर नव्वद किलोमीटरच्या आसपास आहे. एका वर्षी चढाकडून, दुसऱ्या वर्षी उताराकडून ते पळायचं असतं. विक क्लॅपहम नावाच्या रेल्वे इंजिनचालकानं पहिल्या महायुद्धात गमावलेल्या सोबत्यांच्या आठवणीसाठी 1921 साली ही शर्यत सुरू केली. पहिल्या वर्षी 34 जण निघाले, 16 पोचले.

इचलकरंजीजवळच्या आमच्या कबनूरमध्ये बारा तास म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. इथं यंत्रमागावरची पाळी बारा तासांची. दोन मागांमधल्या अरुंद बोळातून येरझाऱ्या घालायच्या, सूत तुटलं की जोडायचं, कांडी संपली की बदलायची, आणि कानावर सतत तो खडखडाट. मजुरी मीटरवर. 52 पिकाच्या, म्हणजे इंचाला तेवढे आडवे धागे असलेल्या कापडाला मीटरमागे किती पैसे, यावर इचलकरंजी परिसरात संप झालेत, वाटाघाटी झाल्यात. अंतर आणि वेळ या दोन मापांत माणसाचा दिवस मोजायची सवय या गावाला फार आधीपासून आहे.

म्हणून इथला कुणी पहाटे उठून तासन्‌तास पळायला लागला, की शेजारचे अण्णा कठड्यावर बसून विचारतात, "एवढं पळून गावतंय काय रं?" हा प्रश्न मी कधी हसण्यावारी नेलेला नाही. ज्या गावात पाय दुखेपर्यंत उभं राहणं हा पोटाचा भाग आहे, तिथं स्वतःहून पाय दुखवून घेणाऱ्यानं याचं उत्तर द्यायलाच हवं. माझं उत्तर असं: मागावरचा मीटर दुसऱ्या कुणीतरी ठरवलेला असतो. व्यापारी दर ठरवतो, बाजार मागणी ठरवतो, वीज वेळ ठरवते. वर्षातून एक आकडा असा असावा, जो कुणी दिलेला नाही आणि चुकला तर कुणी कापून घेणार नाही. ट्रायथलॉन आणि अल्ट्रामॅरेथॉनच्या हंगामासाठी जेव्हा आम्ही चार-सहा जण वही उघडून बसतो, तेव्हा खरं काम हेच असतं.

आणि नेमकं तिथंच बहुतेकांचं पान दुसऱ्याच्या आकड्यांनी भरतं. कुणी मोबाइलवर मित्राचा वेग बघून आपला वेग लिहितो, कुणी पदकाच्या रंगावरून. सगळ्यात जास्त जण कट-ऑफ लिहितात. आयर्नमॅनचे 17 तास, गोव्याच्या अर्ध्या अंतराचे साडेआठ, कॉम्रेड्सचे 12. कट-ऑफ ही आयोजकाची सोय आहे. रस्ते किती वेळ बंद ठेवता येतील, स्वयंसेवक किती वेळ उभे राहतील, पोलीस कधी घरी जातील, यावरून ती ठरते. तिचा माझ्या फुप्फुसांशी किंवा माझ्या आयुष्याशी काही संबंध नाही. ती पाळावी लागते, हे खरं. तिच्यासाठी वर्षभर पहाटे उठायचं, हे मला पटत नाही.

आयर्नमॅनचा जन्म बघितला तर हे जास्त स्पष्ट होतं. 1978 च्या फेब्रुवारीत हवाईच्या ओआहू बेटावर जॉन आणि ज्युडी कॉलिन्स या दांपत्यानं बेटावरचे तीन जुने उपक्रम एका दिवसात जोडले: समुद्रातली पोहण्याची शर्यत, बेटाभोवतीची सायकलफेरी आणि होनोलुलूची मॅरेथॉन. 3.8 किलोमीटर पोहणं, 180 सायकल, 42.2 धावणं हे आज जगभर पवित्र मानलं जाणारं अंतर म्हणजे त्या एका बेटाचा भूगोल. 15 जण उतरले, 12 जणांनी शर्यत पूर्ण केली, गॉर्डन हॅलर 11 तास 46 मिनिटांत पहिला आला. आपल्या हाताशी काय आहे, हे बघून त्यांनी आकडा बनवला होता. आपण मात्र त्यांचा आकडा डोक्यावर घेतो आणि आपल्या हाताशी काय आहे, ते बघायचंच विसरतो.

कॉम्रेड्सच्या इतिहासातली दोन नावं मला यासाठी फार मोलाची वाटतात. 1923 मध्ये फ्रान्सिस हेवर्ड नावाच्या बाईनं ही शर्यत पूर्ण केली, आणि 1935 मध्ये रॉबर्ट एमत्शाली या कृष्णवर्णीय धावपटूनं. दोघांचीही नावं तेव्हा निकालात धरली गेली नाहीत, कारण स्त्रियांना आणि कृष्णवर्णीयांना प्रवेशच नव्हता. तो अधिकृतपणे मिळाला 1975 साली. म्हणजे या दोघांसाठी ना पदक होतं, ना कट-ऑफ, ना घड्याळ. तरी ती दोघं त्या पहाटे उभी राहिली. आज नऊ ते दहा तासांत पोचणाऱ्याला मिळणारं पदक एमत्शालीच्या नावाचं आहे. वैयक्तिक ध्येय म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं तर मी आधी या दोघांची गोष्ट सांगतो.

आता आमच्या हाताशी काय आहे, ते सांगतो.

पोहण्यापासून सुरुवात करायची, कारण तिथंच आमचं गाव अडतं. या भागातली माणसं विहिरीत पोहायला शिकली. पाठीला भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधून काकानं ढकललं, की झालं शिक्षण. विहिरीतला पोहणारा निडर असतो, खोल पाण्याला भीत नाही, सूर उत्तम मारतो. पण विहीर गोल. चार हात मारले की काठ येतो, वळावं लागतं. सरळ रेषेत, मान वर न काढता, एका लयीत अर्धा तास पोहणं ही विहिरीनं न शिकवलेली गोष्ट आहे. नदी जवळ आहे, पण इचलकरंजीपाशी पंचगंगेत उतरावं, अशी तिची स्थिती आपण ठेवलेली नाही. गावोगावचं सांडपाणी आणि कारखान्यांचं पाणी तिच्यात येतं. 2012 च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची साथ आली आणि माणसं गेली, ते इथं कुणी विसरलेलं नाही. ज्या नदीकाठी आपण राहतो, तिच्यात पोहण्याचा सराव करता येत नाही, याचं मला मनापासून दुःख आहे. म्हणून मोकळ्या पाण्यासाठी कोल्हापूर गाठायचं, शिवाजी विद्यापीठाजवळच्या राजाराम तलावावर. तिथं पहिल्यांदा लक्षात येतं, की समोर काठ नसला की आपण कुठे चाललोय, हे दर काही हातांनी डोळे वर काढून बघावं लागतं.

त्यामुळे आमच्या वहीत पोहण्यापुढे मिनिटं लिहायची नाहीत, असं ठरलं. तिथं लिहिलं, "श्वास न चुकता". 1.9 किलोमीटर पोहून बाहेर आल्यावर दम लागलेला नसावा, एवढंच. गोव्यात मिरामारच्या समुद्रात 2019 पासून अर्ध्या अंतराची आयर्नमॅन शर्यत भरते. तिथं खारं पाणी अंग उचलून धरतं, पण लाट तोंडावर येते. धास्तावलेला माणूस पहिल्या दोनशे मीटरमध्येच संपतो आणि पुढची 90 किलोमीटर सायकल तो त्या धास्तीची किंमत मोजत चालवतो.

सायकलचा हंगाम आमच्याकडे ऊस ठरवतो. दिवाळीच्या आसपास साखर कारखान्यांचं गाळप सुरू झालं, की हातकणंगले रस्ता, सांगली रस्ता सगळीकडे दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर. पहाटेच्या अंधारात मागच्या ट्रॉलीला दिवा असेलच, असं नाही. तेव्हा लांबची सायकल उजाडल्यानंतरच, आणि शक्यतो कुंभोजच्या बाहुबलीकडच्या आतल्या रस्त्यांनी. कुणी किती भारी कार्बनची सायकल घेतली, याची चर्चा आमच्यात चालते. मला तीत रस नाही. तेच पैसे चांगल्या दिव्यात आणि हेल्मेटमध्ये घालावेत. आमच्यातले काही जण रँडोनीकडे वळलेत: 200 किलोमीटर साडेतेरा तासांत, मग 300, 400 आणि 600, चारही एका वर्षात झाल्या तर एक किताब. चार पायऱ्यांची ही शिडी ध्येय ठरवायला मला फार चांगली वाटते. पण ती ट्रायथलॉनच्या हंगामात मिसळली, की दोन्हीकडचं अर्धंमुर्धं राहतं.

कारण मोह मोठा आहे. पावसाळ्यात पन्हाळा ते पावनखिंड पदभ्रमंती, मसाई पठारावरच्या धुक्यातून आणि चिखलातून पांढरपाण्यापर्यंत. त्यानंतर साताऱ्याची यवतेश्वर घाटातली अर्धमॅरेथॉन, ऑक्टोबर-नोव्हेंबरात गोवा, डिसेंबरात सिंहगड-राजगड-तोरण्याची अल्ट्रा, जानेवारीत मुंबई, मग लोणावळा. कागदावर सगळं एकापाठोपाठ छान बसतं. शरीरात बसत नाही. घाटातून उतरताना मांडीचे स्नायू ताणलेल्या अवस्थेत वजन झेलतात, त्यांचे बारीक तंतू तुटतात, आणि ते भरून यायला दिवस लागतात, कधी आठवडे. लांब शर्यतीनंतर दम आधी परत येतो. कंडरा आणि हाडं मागून येतात. दम आला म्हणून माणूस पुढच्या शर्यतीला नाव देतो आणि टाचेवर येऊन अडतो.

यावर आम्ही एक उपाय काढलाय, आणि तो पंचगंगेनंच शिकवला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या लहान पोरालाही पावसाळ्यात ठाऊक असतं, की राजाराम बंधाऱ्याजवळ 39 फूट म्हणजे इशारा आणि 43 फूट म्हणजे धोका. 39 ला कुणी घर सोडत नाही, पण सामान वर ठेवायला लागतं, जनावरं हलवायची तयारी होते. तशा दोन पातळ्या प्रत्येकानं आपल्या शरीरासाठी लिहायच्या, हंगाम सुरू होण्याआधी, डोकं शांत असताना. सकाळी उठल्याबरोबरची नाडी नेहमीपेक्षा वाढलेली, झोप तुटक, जिना उतरताना गुडघ्यात कळ, घरात उगाच चिडचिड: हा इशारा. तेव्हा अंतर कमी करायचं. ताप, छातीत दुखणं, चालतानाही लंगडणं, लघवीचा रंग गडद: हा धोका. तेव्हा थांबायचं, शर्यतीच्या आदल्या दिवशी असलं तरी.

थांबणं हे ध्येयाच्या पानावर लिहिलेलं असावं, असं मी आग्रहानं म्हणतो. 2021 च्या मे महिन्यात चीनच्या गान्सू प्रांतात 100 किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत अचानक गारांचा पाऊस आणि थंड वारा सुटला. 21 धावपटू गेले. त्यांत अत्यंत अनुभवी माणसं होती. आयोजकांची जबाबदारी तिथं मोठी होतीच. पण त्या बातमीनंतर आमच्या वहीत "मागे फिरण्याची जागा" असा एक रकाना वाढला, आणि पावनखिंडीच्या वाटेवरसुद्धा आम्ही तो भरतो.

आता सगळ्यात अवघड रकाना. सरावाचे हे तास येतात कुठून? खाशाबा जाधव 1948 च्या लंडन ऑलिम्पिकला सहावे आले आणि 1952 ला हेलसिंकीत कांस्यपदक जिंकले, हे आपण अभिमानानं सांगतो. त्या दुसऱ्या वारीसाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. एका माणसाच्या ध्येयासाठी दुसऱ्या माणसाचं घर. आमच्या छोट्या ध्येयांसाठी कुणी घर गहाण ठेवत नाही, पण रविवारची सकाळ ठेवतं. मी पाच तास सायकलवर असतो, तेव्हा घरचं पाणी भरणं, दळण, म्हातारीचं औषध कुणीतरी करतंच. हा वेळ मागून घ्यायचा असतो. बायकोला न विचारता भरलेला प्रवेश अर्ज मी वैयक्तिक ध्येय मानत नाही.

आमच्या गटात एक जॉबर आहे. माग बिघडला की रात्री-अपरात्री त्याला हाक येते. त्यानं यंदा आपल्या पानावर कुठल्याच शर्यतीचं नाव लिहिलं नाही. लिहिलं ते एवढंच: आठवड्यातून चार दिवस, पाळी कुठलीही असो, चाळीस मिनिटं. आणि डिसेंबरात सगळे सिंहगडावर जातील, तेव्हा जमलं तर सगळ्यांत लहान अंतराला. वही फिरत फिरत माझ्याकडे आली, तेव्हा त्याचं पान मी पुन्हा वाचलं. आम्हा सगळ्यांत मला तेच सर्वांत नीट विचार केलेलं वाटलं. त्याच्या जगण्यात जे त्याच्या हातात आहे, तेवढंच त्यानं मागितलं होतं, आणि तेवढं पूर्ण मागितलं होतं. कांड्या भरणाऱ्या बायकांपैकी दोघी आता संध्याकाळी त्याच्याबरोबर शाळेच्या मैदानावर चालायला येतात. त्यांची पानं अजून कोरी आहेत. घाई नाही.

माझ्या पानावर यंदा गोवा आहे, आणि सिंहगडाचं मधलं अंतर आहे. रँडोनी नाही. कॉम्रेड्स मनात आहे, पण ती जूनमध्ये असते, म्हणजे सर्वांत लांब सराव फेब्रुवारी ते एप्रिल. लेकीची दहावीची परीक्षा त्याच दिवसांत. पहाटे तिला उठवून चहा करून द्यायला घरात कुणीतरी हवं, आणि मला ते काम हवं आहे. कॉम्रेड्सपुढे मी पुढचं साल लिहिलं आणि वही पुढच्याकडे दिली.