धनिकांची शिबंदी

गेल्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीच्या सभेत एक ठराव बहुमताने संमत झाला. फाटकावरील तीन पहारेकऱ्यांच्या जोडीस चौथा नेमावा आणि बाहेरच्या लोकांस आत सोडू नये, असा तो ठराव. बहुमतात आमचाही हात वर होता. सभा आटोपून जिना चढत असता शेजारच्या बिऱ्हाडातील कॉलेजात जाणाऱ्या मुलाने आम्हांस सहज विचारले, “सर, छत्तीस बिऱ्हाडे मिळून चार पहारेकरी ठेवतात, मग एखाद्या अब्जाधीशाच्या मनात आले तर तो केवढी फौज ठेवील?” ‘हिशेब करून सांगतो’ असे आम्ही उत्तर दिले. शिक्षकाच्या तोंडी हे उत्तर बहुधा टाळाटाळीचे असते; परंतु त्या रात्री झोप येईना, म्हणून आम्ही खरोखरच कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

हिशेब फारच सोपा निघाला. २०२४ साली फोर्ब्सच्या यादीत अग्रस्थानी असलेल्या फ्रेंच उद्योगपतीची संपत्ती २३३ अब्ज डॉलर होती. एका शिपायाचा पगार, अन्न, शस्त्र, वाहन व औषधपाणी मिळून वर्षाला एक लाख डॉलर लागतात असे सढळ हाताने धरले, तरी दहा हजारांची फौज एका अब्जात वर्षभर पोसली जाते. दुसऱ्या मापाने पाहावे, तर भारत सरकारचे २०२४-२५ सालचे संरक्षणाचे अंदाजपत्रक ६.२१ लाख कोटी रुपयांचे होते. तेवढा खर्च या एकट्या गृहस्थाने सुमारे तीन वर्षे भागविला असता. ज्यास स्वतःच्या उत्पन्नावर फौज बाळगता येत नाही त्यास श्रीमंत म्हणू नये, असे रोमचा धनाढ्य क्रासस म्हणत असे. त्या कसोटीस आज पुष्कळ लोक सहज उतरतील.

मग हे लोक फौजा का ठेवीत नाहीत? सज्जनपणामुळे, असे म्हणण्याचे धाडस आम्हांस होत नाही. ज्यांनी ठेवून पाहिल्या, त्यांचे काय झाले ते पाहणे बरे.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया प्रांतात होमस्टेड येथे अँड्र्यू कार्नेगीचा पोलादाचा कारखाना होता. १८९२ साली मजुरांशी वेतनावरून बिनसले. कार्नेगी स्वतः स्कॉटलंडात हवा खात होता. कारभारी हेन्री फ्रिक याने पिंकर्टन नावाच्या कंपनीकडून तीनशे हत्यारबंद माणसे भाड्याने मागविली. ६ जुलैच्या पहाटे मोनोंगहेला नदीतून दोन तराफ्यांवर ती आणण्यात आली. मजूर व त्यांच्या बायका काठावर उभ्याच होत्या. दिवसभर गोळीबार झाला, दोन्ही बाजूंची माणसे मेली, आणि सायंकाळी त्या तीनशे वीरांनी हात वर केले. गर्दीतून जाताना त्यांस जो मार बसला, तो त्यांच्या करारात नमूद नसावा! येथवर वाचून मजुरांचा जय झाला असे कोणासही वाटेल. परंतु आठवड्याभरातच गव्हर्नराच्या हुकुमाने प्रांताची सुमारे साडेआठ हजार फौज तेथे दाखल झाली, तिच्या पहाऱ्यात कारखाना चालू झाला आणि नोव्हेंबरात संप मोडला. भाडोत्री माणसे हरली आणि मालक तरीही जिंकला. पहिल्या फौजेचे पैसे त्याने मोजले होते. दुसरीचा खर्च प्रांताच्या तिजोरीतून झाला. हिशेबी मनुष्य यातून काय शिकेल हे सांगावयास नको.

रशियातील येव्गेनी प्रिगोझिन हा याच्या पुढे गेला. उपाहारगृहांच्या धंद्यातून वर आलेल्या या मनुष्याची ‘वॅग्नर’ नावाची फौज युक्रेनात लढत होती. २३ जून २०२३ रोजी त्याने बंड पुकारले. दुसऱ्या दिवशी रोस्तोव शहर त्याच्या हाती होते आणि त्याची माणसे मॉस्कोच्या रस्त्यावर होती. सायंकाळी ती माघारी फिरली. काही दिवसांतच राष्ट्राध्यक्ष पुतिन यांनी जाहीर केले की, मागील वर्षभरात या फौजेच्या पगारापोटी सरकारने ८६ अब्जांहून अधिक रूबल मोजले होते. म्हणजे जी फौज सारे जग त्याची समजत होते, ती जेवत होती दुसऱ्याच्या पंक्तीला. २३ ऑगस्ट रोजी, बरोबर दोन महिन्यांनी, त्याचे विमान कोसळले व तो मेला. (पगारी हत्यार वाड्यातच उलटते, हे १७७३ साली गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून करून पुण्यास दाखविलेच होते.)

आमच्या मते खरी गोम पैशाच्या जातीत आहे. जुन्या सरदाराची श्रीमंती कोठारातल्या धान्यात आणि गढीच्या भिंतीत असे. वेढा पडला तरी ती खाता येई. आजच्या अब्जाधीशाची श्रीमंती म्हणजे बहुतांशी शेअरांची नोंद. ती नोंद खरी, असे म्हणणारी न्यायालये आहेत, ते मानणाऱ्या पेढ्या आहेत, म्हणून ती संपत्ती. ज्या दिवशी त्याचा शिपाई त्या न्यायालयाच्या शिपायावर बंदूक रोखील, त्याच दिवशी खाती गोठतील आणि महिनाअखेरीस पगार द्यावयास काही उरणार नाही. यातून एकच वाट आहे : आपणच राज्य व्हावे. ईस्ट इंडिया कंपनीने ती धरली. १७६५ साली बंगालची दिवाणी मिळवून तिने सारा वसूल केला, त्या पैशावर फौज वाढविली, आणि १८०३ साली असईस आमच्या शिंद्यांच्या कवायती पलटणींना कोणी पाणी पाजले ते शाळकरी पोरासही ठाऊक आहे. त्या सुमारास कंपनीचे सैन्य दोन लाखांवर गेले होते. पण ती कंपनीही १८५८ साली राणीच्या सरकारने गिळलीच.

हा सारा हिशेब त्या मुलास सांगावा अशा विचारात आम्ही सकाळी गॅलरीत उभे होतो. फाटकाशी गलका ऐकू आला. वीस वर्षे आमच्या आळीत भाजी घेऊन येणारी मावशी नव्या पहारेकऱ्यापुढे उभी होती. त्याने काठीने पाटी मागे ढकलली, तशी वांगी रस्त्यावर घरंगळली. आम्हांस पाहताच ती ओरडली, “मास्तर, सांगा की याला, मी रोजची हाय म्हून!” आम्ही खाली गेलो. त्या तरुणाने आम्हांस कडक सलाम ठोकला आणि अदबीने म्हणाला, “सर, आपल्याच मीटिंगचा ठराव आहे. आपली सही पण आहे त्याच्यावर.”

त्यावर आम्ही काय बोलणार? वांगी गोळा करू लागलो. पुढच्या सभेत ठरावास उपसूचना मांडली, तिला आमच्याखेरीज दोनच हात वर झाले. त्यांतला एक त्या मुलाच्या आईचा होता. मावशी हल्ली पलीकडच्या पिंपळाखाली बसते. आम्ही पिशवी घेऊन तेथवर जातो, आणि परत येताना फाटकावर सलाम घेतो.